फळावरचा हक्क आणि माळ्याचा पगार

गच्चीवर, शाळेच्या मैदानाच्या कडेला, रुग्णालयाच्या आवारात किंवा गृहसंकुलाच्या पडीक कोपऱ्यात भाजीपाल्याची सामाईक बाग उभी करायची, ती वर्षभर जगवायची आणि त्या कामावर आपले घर चालवायचे, असा एक व्यवसाय शहरांत आकार घेतो आहे. तो करणाऱ्याला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो आणि विचारणारा बहुधा सज्जन असतो: ही तर मातीची सेवा, हिचे पैसे कसे घेता? वरवर पाहता हा व्यवहाराचा प्रश्न आहे, पण त्याच्या बुडाशी एक धर्मविचार आहे. जे काम पुण्याचे ते फुकट केले पाहिजे, मोबदला घेतला की पुण्य उणावते, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की ती कधी तपासून पाहावी असे कोणाला वाटतही नाही. माझे म्हणणे असे की या समजुतीने त्यागाची जागा चुकवली आहे. सामाईक बागेत सोडायचा असतो तो तिथे पिकलेल्या मालावरचा एकट्याचा हक्क. घामाचे मोल सोडायला कोणी सांगितलेच, तर ते बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी घामाचे असते.

हा प्रश्न पर्माकल्चरच्या, म्हणजे निसर्गाच्या रचनेवर बेतलेल्या शेतीच्या, बाबतीत अधिक टोचतो, कारण शेतीची ही पद्धत मुळात नीतिविचार घेऊनच आली. 1978 साली ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांचे पहिले पुस्तक निघाले. पुढे या विचाराने तीन नीतितत्त्वे पायाशी ठेवली: भूमीची काळजी, माणसांची काळजी आणि आपल्यापुरते ठेवून उरलेले परत वाटणे. खत किती, पाणी किती, ओळींत अंतर किती यांच्या आधी वाटपाचे बोलणारी शेतीपद्धत विरळाच. मॉलिसन 1987 मध्ये भारतात शिकवायला आले आणि 2017 साली या चळवळीचे जागतिक संमेलन हैदराबादला भरले. पण मराठी मुलखाला या वाटेने जायला तोवर थांबावे लागले नव्हते. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्यांचे परस्परांकडून शिकण्याचे जाळे विणले होते. ‘विपुलाच सृष्टी’सारख्या पुस्तकातून त्यांनी मांडलेला हिशेब असा की पाच माणसांच्या कुटुंबाला नीट जगायला दहा गुंठे पुरतात. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी उसाची चिपाडे आणि प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन गच्चीवरची शेती करून दाखवत होते. या दोघांच्या विचारांवर प्रीती पाटील यांनी 2002च्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर, रोजच्या ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली. स्वयंपाकघराच्या त्या व्यवस्थेत त्या स्वतः पगारी अधिकारी होत्या, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने विसरण्यासारखे नाही.

पगाराचा वाद घालण्याआधी काम काय असते ते पाहायला हवे, कारण ते रविवारच्या फावल्या वेळात उरकते असे मानणाऱ्यांनीच वाद निम्मा बिघडवला आहे. दाभोळकरांच्या पद्धतीतली ‘अमृत मिट्टी’ घ्या. एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम गूळ दहा लिटर पाण्यात कालवायचे आणि ते मिश्रण तीन दिवस, दिवसातून तीनदा, दोन्ही दिशांनी ढवळायचे. मग ते दहापट पाण्यात मिसळून वाळलेला पालापाचोळा त्यात चोवीस तास भिजवायचा. भिजलेल्या पाल्याचे आणि मातीचे थर एकावर एक रचायचे, महिनाभर ढीग ओला ठेवायचा आणि अधूनमधून वरखाली करायचा. त्यानंतर त्यावर सहा रसांची बियाणे पेरायची. एकविसाव्या दिवशी शेंडे खुडायचे, बेचाळिसाव्या दिवशी पुन्हा कापायचे, त्रेसष्टाव्या दिवशी मुळापाशी छाटायचे, कापलेला हिरवा पाला तिथेच वाळवायचा आणि तोही पुन्हा भिजवून मातीत मिसळायचा. एवढे झाल्यावर जी मिळते ती अजून भाजी नसते, भाजी लावण्याजोगी माती असते. पुढे मे महिन्यात गच्चीवरच्या वाफ्यांना दोन वेळा पाणी, जुलैत तेच पाणी साचू नये म्हणून निचरा, भेंडीवर मावा, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, आणि दिवाळीच्या सुटीत सगळे गावाला गेले तरी यातले काही थांबत नाही. याला सेवा म्हणा, साधना म्हणा. वेळापत्रकाच्या दृष्टीने ती नोकरीच आहे.

आता धर्मविचाराकडे. फळाची आशा न धरता कर्म करावे, या गीतेतल्या शिकवणुकीचा आधार मोबदल्याच्या विरोधात सर्रास घेतला जातो. पण ती शिकवण ज्याला दिली तो अर्जुन काही वेतनावर काम करणारा गडी नव्हता. तो राज्याचा दावेदार होता, आणि त्याच्यापुढचा पेच आप्तांना मारून मिळणाऱ्या विजयाचा होता. तिसऱ्या अध्यायातला यज्ञविचार तर याहून स्पष्ट आहे. जो फक्त स्वतःसाठी शिजवतो तो पाप खातो, आणि घेतलेले परत न करता भोगतो तो चोर, असा त्याचा आशय आहे. तिथे दोष कामाचा मोबदला घेणाऱ्यावर ठेवलेला नाही. एकट्याने खाणाऱ्यावर आणि परतफेड चुकवणाऱ्यावर ठेवलेला आहे. ज्ञानेश्वरांनी त्याच अध्यायाच्या विवरणात स्वधर्माचरणालाच यज्ञ मानले आणि रोजच्या विहित कामाला वेदीवर नेऊन बसवले. या कसोटीवर दोन माणसे शेजारी उभी करून पाहावीत. एकाने आपल्या बाल्कनीत चार कुंड्या लावल्या आहेत. त्यांतले टोमॅटो मोजून तो स्वतःच्या कोशिंबिरीत घालतो. दुसरी शाळेच्या बागेत महिन्याच्या पगारावर राबते. पीक आले तरी पगार तोच, बुडाले तरी तोच, आणि आलेली मेथी मुलांच्या खिचडीत जाते. निष्कामतेच्या जवळ यांपैकी कोण आहे? फळाशी संबंध तुटला आहे तो पगारी बाईचा. हौशी माणूस फळाला धरूनच आहे, आणि त्यात वाईट काही नाही, फक्त त्याने स्वतःला निष्काम समजू नये.

वारकरी संतांचा दाखला याच दिशेने जातो. सावता माळी पंढरपूरला गेले नाहीत, सोलापूर जिल्ह्यातल्या अरणच्या मळ्यातच त्यांना विठ्ठल भेटला, असे परंपरा सांगते. इतर संतांच्या पालख्या पंढरीला येतात, तर विठ्ठलाची पालखी अरणला जाते. या गोष्टीतून आपण भक्तीचा मोठेपणा तेवढा उचलतो. पण सावतोबांनी मळा सोडला नाही आणि मळ्यावर पोट भरणेही सोडले नाही, हा तिचा अर्धा भाग आहे. गोरोबांनी मडकी घडवली, सेना महाराजांनी हजामत केली, नरहरी सोनारांनी दागिने घडवले. भक्ती जडली म्हणून गिऱ्हाइकाला फुकट माल द्यावा, असे यांपैकी कोणाच्या कथेत येत नाही. तुकोबांनी काही सोडले, पण काय सोडले ते पाहावे: घरच्या सावकारीतली आपल्या वाट्याची कर्जखते. ती इंद्रायणीत बुडवल्याचे परंपरा सांगते. ती मेहनतीची मिळकत नव्हती, दुसऱ्याच्या पिकावर बसलेला हक्क होता. मोबदला कुठे निर्मळ राहतो आणि कुठे बाटतो, याची रेघ या चरित्रांत पुरेशी ठळक आहे.

याविरुद्धचा सर्वांत भारदस्त आक्षेप विनोबांच्या जीवनातून येतो. 1950 साली पवनारच्या परंधाम आश्रमात त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशाचा वापर सोडायचा, बैलही वापरायचे नाहीत, हाताने खणायचे, स्वतः रहाट ओढून पाणी काढायचे आणि त्यावर पिकेल ते खायचे. या ऋषिशेतीपुढे महिन्याच्या पगाराची भाषा हिणकस वाटते, हे कबूल करायला हवे. पैसा माणूस आणि माती यांच्यामध्ये येतो, हे विनोबांचे निदान खोटे नव्हते. पण त्या प्रयोगाची एक अट नजरेआड होते. आश्रमाला जमीन होती, तिच्यावर राहायला छप्पर होते आणि प्रयोग करणाऱ्यांना तिथेच पिकलेले खाता येत होते. म्हणजे पैशाविना जगण्यासाठी लागते ते त्यांच्या हाती होते. चेंबूरच्या किंवा हडपसरच्या सामाईक बागेत काम करणाऱ्याच्या हाती यांतले काहीच नसते. खोलीचे भाडे मुळ्याच्या जुडीने चुकते होत नाही, आणि बागेतला माल त्याचा नाही ही तर आपलीच अट. त्याला पिकावरही हक्क नाही आणि पैशावरही नाही, असे म्हणणे म्हणजे कांचनमुक्ती नव्हे, वेठ आहे. विनोबांनी आपला प्रयोग स्वतःवर आणि आपल्या सोबत्यांवर केला, दुसऱ्याला तो सक्तीने करायला लावला नाही, हेही त्यांच्या पारड्यात टाकावे लागेल.

वेठ हा शब्द इथे जपूनच वापरला पाहिजे, कारण महाराष्ट्रात त्याला इतिहास आहे. गावाची कामे करणाऱ्याला रोख मजुरीऐवजी वतन आणि बलुते देण्याची पद्धत शतकानुशतके चालली. तिलाही धर्माची भाषा चिकटली होती, आणि कोणी कोणते काम करायचे हे जन्माने ठरत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते याच मुद्द्यावर: तुटपुंज्या वतनाच्या बदल्यात रात्रंदिवस राबवून घेणे ही गुलामी आहे, आणि कामाचा मोबदला ठरलेला आणि पुरेसा हवा. ज्या समाजाने मातीत आणि घाणीत हात घालणारी कामे काही जातींच्या माथी मारली, त्याने आता त्याच कामांना सेवा म्हणून त्यांची मजुरी नाकारावी, यात जुनेच नवे होऊन येते. गाडगेबाबांच्या हातातल्या खराट्याला आपण हात जोडतो, ते योग्यच आहे. पण सफाई कामगाराच्या हातातला खराटा कंत्राटी दराने मोजतो आणि त्या दोन खराट्यांत अंतर आहे असे मानतो. गाडगेबाबांनी तरी ते मानले नसते. स्त्री मुक्ती संघटनेच्या ‘परिसर विकास’ कार्यक्रमाने मुंबईत कचरावेचक बायकांना खत करण्याचे आणि बागकामाचे शिक्षण देऊन ‘परिसर भगिनी’ म्हणून उभे केले, तेव्हा सामाईक बागेच्या व्यवसायाचा पाया कोणाच्या श्रमावर आहे हे स्पष्ट झाले होते. मुंबईच्या रुळांकडेच्या पट्ट्यांचीही तीच गोष्ट. रेल्वेने ‘ग्रो मोअर फूड’ योजनेखाली आपल्या कर्मचाऱ्यांना त्या जागा लागवडीसाठी दिल्या. तिथे अळू, पालक, लाल माठ, भेंडी पिकत असे. त्या भाजीला नाल्याचे पाणी देतात ही शंका रास्त होती आणि पाणी तपासायलाच हवे होते. मात्र गच्चीवरच्या बागेची छायाचित्रे मासिकांत येतात, आणि रुळाकडेला वाफे खुरपणाऱ्याकडे लोकलच्या दारातून नाक मुरडून पाहिले गेले, यात पाण्याखेरीज आणखीही काही आहे.

दुसरा आक्षेप मानसशास्त्राचा आहे आणि तो टाकाऊ नाही. पैसा आला की आपलेपणा जातो. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने 1970 साली रक्तदानावरच्या आपल्या ग्रंथात दाखवले की विकत घेतलेल्या रक्तापेक्षा दान मिळालेले रक्त समाजाला अधिक सुरक्षित पडते, आणि बाजार शिरला की देण्याची वृत्ती आटते. इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन या छोट्या गावाचा दाखलाही याच बाजूने देता येतो. 2008 पासून तिथे पॅम वॉरहर्स्ट, मेरी क्लिअर आणि त्यांच्या सोबत्यांनी रस्त्याच्या कडेला, अगदी पोलीस ठाण्यासमोरच्या वाफ्यांतही, खाण्याजोगी पिके लावली. ज्याला हवे त्याने तोडावे, आणि राबणारे स्वयंसेवक. मग पगार कशाला? याला उत्तर असे की रक्त देणारा अर्ध्या तासात उठून घरी जातो. दान हा प्रसंग असतो, निगा हा रोजचा नेम असतो. टॉडमॉर्डनला पाऊस मुबलक आहे. आपल्याकडे मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत कोणालातरी रोज सकाळी झारी उचलावीच लागते. स्वयंसेवक बाग सुरू उत्तम करतात, पण पुढाकार घेणाऱ्याची बदली झाली किंवा मुलाची दहावी आली की वाफ्यात माठाऐवजी गवत दिसू लागते. आणि आपलेपणा पगाराने जातोच असेही नाही. देवस्थानांच्या मोठ्या अन्नछत्रांत आचारी पगारी असतात. पंगतीत बसलेल्या भक्ताला ती आमटी त्यामुळे कमी प्रसाद वाटत नाही, आणि आचाऱ्याला महिन्याचे पैसे मिळाले म्हणून अन्नदानाचे पुण्य घटले असे कोणताही पुजारी सांगत नाही. अन्न फुकट, रांधणाऱ्याला वेतन, वाढणारे स्वयंसेवक: ही घडी आपल्या धर्मव्यवहारात बसलेलीच आहे. ती स्वयंपाकघरातून मळ्यात न्यायला अडचण कोणती, ते मला कळत नाही.

तरी या व्यवसायात बाटण्याची जागा आहेच, फक्त ती पगारात नाही, अभ्यासक्रमांच्या बाजारात आहे. पर्माकल्चरचा जगभर चालणारा प्रमाणपत्राचा वर्ग बहात्तर तासांचा असतो. तो केलेला माणूस पुढे तोच वर्ग दुसऱ्यांना शिकवू लागतो आणि बऱ्याच जणांची मिळकत पिकवण्यापेक्षा शिकवण्यावर चालते. शिकवण्याचे पैसे घेणे गैर नाही, पण ज्ञानाचा उगम आणि त्याची किंमत यांचा मेळ बसत नाही. मिश्र पिके, आच्छादन, परसातली झाडांची उतरंड हे बरेचसे आदिवासी आणि शेतकरी समाजांकडून शिकलेले आहे. कोकणातल्या वाडीत नारळाखाली सुपारी, सुपारीवर मिरीचा वेल आणि खाली हळद लावणाऱ्याला या रचनेचे इंग्रजी नाव ठाऊक नसते, आणि वर्गाची फी त्याला परवडतही नाही. उरलेले परत वाटण्याचे तिसरे तत्त्व या व्यवसायाने सर्वांत आधी स्वतःला लावून पाहायला हवे. दाभोळकरांचा प्रयोग परिवार इथे सरस ठरतो: शिकणारा हाच प्रयोग करणारा, आणि ज्याला जे उमगले ते त्याने मोकळेपणाने सांगायचे.

राहता राहिला पोटाचा हिशेब. सामाईक बागांनी शहराचे पोट भरणार नाही, असे म्हटले जाते, आणि धान्यापुरते ते निर्विवाद खरे आहे. गच्चीवर ज्वारी पिकवून मुंबई जगणार नाही, तिचा भाजीपालाही वाशीच्या बाजारसमितीतून यायचा तो येणारच. पण पालेभाजीचे गणित वेगळे आहे, आणि ते मजुरीसह जुळते याचा पुरावा हवाना शहरात आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबाची इंधनाची आणि खताची आवक तुटली, तेव्हा सरकारने शहरातल्या रिकाम्या जागा पिकवण्यासाठी दिल्या. 1997 साली पाच जणांनी अलामार वस्तीत सुरू केलेली सहकारी बाग पुढे शंभराहून अधिक माणसांना काम देऊ लागली. सभासद नफ्यात वाटेकरी असतात आणि भाजी शेजारच्या वस्तीत विकली जाते. ती निकड हुकूमशाही राजवटीतली आणि टंचाईतली होती, तिचे अनुकरण कोणी मागू नये. तिथे पिकवणाऱ्याच्या मोबदल्याला कोणी पाप म्हटले नाही, एवढेच आपल्या कामाचे.

खरा कठीण प्रश्न पुढे आहे: सर्वांचे म्हटल्यावर तोडायचे कोणी आणि किती? आपल्या परंपरेत देवराई आहे, जिथल्या काटकीलाही हात लावायचा नाही, आणि खासगी शेत आहे, जिथे मालकाखेरीज कोणी हात लावायचा नाही. सर्वांनी तोडावे पण बेताने तोडावे, अशी जागा आपल्या सवयीत फारशी नाही. गृहसंकुलातली जास्वंद याची साक्ष देईल. पहाटे कोणीतरी छत्रीच्या मुठीने फांदी खाली ओढून फुले पिशवीत भरतो आणि देवासाठी नेली म्हणून ती चोरी मानत नाही. भेंडी तर देवालाही वाहायची नसते. अशा ठिकाणी रोज हजर असणारा, कोणाकडे लहान मूल आहे आणि कोणाला काल मिळाले नाही हे ठाऊक असणारा माणूस लागतो. त्याचे निम्मे काम वाटपाचे असते, आणि वाटणाऱ्याचा स्वतःचा संसार त्या मालावर अवलंबून नसेल तरच लोक त्याचा शब्द मानतात. पगार हवा तो यासाठीही.

तो कोठून यायचा, याचे उत्तर शहरांनी नकळत अर्धे लिहून ठेवले आहे. दिवसाला शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या संकुलांनी ओला कचरा जागीच जिरवावा, असा मुंबई महापालिकेचा आग्रह 2017 पासून आहे. खत होतेच आहे. बहुतेक ठिकाणी ते कंत्राटी सफाई कामगार बाई करते, कधी हातमोज्यांशिवाय, आणि त्या खतावर आलेली भाजी सदस्यांच्या व्हॉट्सॲप गटात घरनिहाय वाटली जाते. वाटपाच्या यादीत सदनिकांचे क्रमांक असतात. खड्डा वरखाली करणारीला त्या इमारतीत क्रमांक नाही, म्हणून ती यादीत नाही. तिला बागेची ठरलेली जबाबदारी, किमान वेतनाहून चांगला पगार आणि यादीत एक ओळ द्यायची की नाही, हा त्या सोसायटीच्या वार्षिक सभेतला विषय आहे. देखभाल खर्चाच्या ताळेबंदात त्याला रकाना सहज सापडेल.